सड्यावरचा सरडा आणि ‘पडीक’ हा शब्द

मराठीने सरड्याला एक म्हण दिली आणि एक शिवी दिली. त्याची धाव कुंपणापर्यंत, आणि घडीघडी रंग बदलणाऱ्या माणसाला त्याचीच उपमा. परसातल्या कुंपणावर मान खालीवर करत बसणाऱ्या बागेतल्या सरड्याबद्दल ही दोन्ही निरीक्षणे तशी बरोबर आहेत. पण साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीचा सडा लागतो. जांभ्याच्या या सपाट पठारावर राहणाऱ्या एका सरड्याचा कुंपणाशी काही संबंध नाही. तो झाडावर चढत नाही, झुडपात लपून आयुष्य काढत नाही. जमीन, दगड आणि वरचे आभाळ एवढेच त्याचे जग. २०१६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले: ‘सराडा सुपर्बा’. त्यातला पहिला शब्द, म्हणजे त्याच्या प्रजातीसमूहाचे नाव, मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलेले आहे.

या सरड्याचे जगणे नीट पाहिले की आपल्याकडची एक पक्की समजूत डळमळते. जिथे झाड नाही, पीक नाही, तिथे काहीच नाही, ही ती समजूत. ती सरकारी कागदावर आहे, वृक्षारोपणाच्या फलकावर आहे आणि निसर्गावर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या डोक्यातही आहे. या लेखाचे म्हणणे त्याच्या उलट आहे. उघडा माळ हे बिघडलेले जंगल नव्हे आणि टाकून दिलेले शेतही नव्हे. ती स्वतंत्र आणि फार जुनी जीवसृष्टी आहे. तिला ‘पडीक’ म्हणणे ही वस्तुस्थितीची चूक आहे, आणि या चुकीचे परिणाम मोजता येतात. चाळकेवाडीला ते मोजलेही गेले आहेत.

१. आधी सरडा पाहू

कासच्या आणि आसपासच्या पठारांवर लोक ऑगस्ट ते ऑक्टोबर जातात. तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुललेली असतात तेव्हा. मे महिन्यात तिकडे कोणी फिरकत नाही. गवत करपलेले असते, जांभा तापलेला असतो, आणि नजर जाईल तिथवर पिवळा-तपकिरी रंग. ‘उजाड’ हा शब्द याच दृश्याला लावला जातो. सराडा सुपर्बाचा हंगाम मात्र नेमका हाच असतो.

मुठीएवढ्या दगडावर नर बसलेला असतो. शेपटी सोडली तर अंग बोटभर लांबीचे, रंग वाळल्या गवताचा, पाठीवर चौकटीची नक्षी. तो हलला नाही तर दगडापासून वेगळा ओळखता येत नाही. मग तो पुढच्या पायांवर उठतो, छाती वर काढतो आणि गळ्याखाली दुमडलेली कातडी घशातल्या लवचीक हाडाच्या रेट्याने पुढे फेकतो. क्षणात पंखा उघडतो: झळाळता निळा, मग काळा, मग नारिंगी. पंख्याची कड दातेरी असते आणि तो पुढच्या पायांच्या मागे, पोटाच्या दिशेने बराच लांब पसरलेला असतो. मिटतो, पुन्हा उघडतो. दूरच्या दगडावरचा दुसरा नर उत्तर देतो. माद्या तपकिरी असतात, त्यांना हा पंखा नसतो. पंख्याचा प्रेक्षक कोण, हे एवढ्यावरूनही कळते.

त्याच्या मागच्या पायाला पाचऐवजी चारच बोटे असतात. पाय लांब. घाई असली की पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर पळतो. नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे हे त्याचे अन्न. मादी जमीन उकरून खड्ड्यात अंडी घालते आणि माती पुन्हा लोटून देते. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत हा जीव जमिनीच्या पृष्ठभागाशी बांधलेला आहे.

इथे युक्तिवादाची पहिली पायरी येते. अमेरिकेतले ॲनोल सरडे झाडावर राहूनही असाच पंखा उघडतात, तेव्हा ‘पंखा आहे म्हणजे माळ हवाच’ असा नियम काढता येणार नाही. पण चाळकेवाडीच्या नराचे व्यासपीठ मुठीएवढा दगड आहे. तिथून दाखवलेला रंग दुसऱ्याला दिसायचा तर मधली जागा उघडी हवी. कमरेइतके झुडूप माजले की दगड झाकला जातो, आणि पंखा उघडला काय, मिटला काय, सारखेच. या जिवासाठी झाडांचा अभाव ही उणीव नाही. तीच त्याची गरज आहे.

२. नाव मिळायला इतका उशीर का?

१८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए याने पाँडिचेरीच्या नमुन्यावरून पंखेवाल्या सरड्याला ‘सिताना पाँटिसेरियाना’ हे नाव दिले. १८७० मध्ये थॉमस जर्डन याने दख्खनच्या सरड्याला ‘डेक्कनेन्सिस’ असे वेगळे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, चार्ल्स डार्विनने ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये या सरड्यांच्या निळ्या, काळ्या, लाल गळपिशवीचा दाखला दिला. ही पिशवी फक्त नराला असते आणि तिचे रंग विणीच्या काळातच दिसतात, म्हणून जोडीदाराच्या निवडीतून घडणाऱ्या उत्क्रांतीचे हे त्याला चांगले उदाहरण वाटले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी या पंख्याची दखल जगातल्या सर्वांत मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने घेतली होती.

तरी त्यानंतर शंभरावर वर्षे जवळपास सगळे पंखेवाले सरडे एकाच नावाखाली कोंबले गेले. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून हा गोंधळ सोडवला. एक नवा प्रजातीसमूह, म्हणजे ‘सराडा’, आणि पाच नव्या जाती त्यांनी नोंदवल्या. जर्डनचा विसरला गेलेला ‘डेक्कनेन्सिस’ पुन्हा उभा राहिला. एका नव्या जातीला डार्विनचे नाव मिळाले. चाळकेवाडीचा तो ‘सुपर्बा’ ठरला, कारण त्याचे देखणेपण.

उशिराचे एक कारण साधे आहे: हे रंग मद्यार्कात टिकत नाहीत, आणि संग्रहालयातल्या बरणीत सगळे सरडे एकसारखे तपकिरी होतात. पण दुसरे कारण जास्त बोचणारे आहे. हा जीव दुर्गम दरीत राहत नाही. पवनचक्क्या पाहायला गाड्या जातात त्या डांबरी रस्त्याच्या कडेच्या दगडावर तो बसलेला असतो. सातारा जिल्ह्याचेच नाव धारण करणारी, जमिनीवर वावरणारी पाल ‘हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस’ हिचे नामकरणही २००८ मध्ये झाले. जिथे काही नसते असे धरून चालतो तिथे कोणी शोधत नाही. आणि कोणी शोधले नाही की तिथे काही नाही, हे आपोआप सिद्ध झाल्यासारखे वाटते.

३. माळ किती जुना?

दुसरी पायरी काळाची. ‘इथे पूर्वी जंगल होते, माणसाने तोडले, गुरांनी चरले, म्हणून माळ झाला’ ही गोष्ट शाळेपासून आपल्या कानावर असते. ती काही ठिकाणी खरी आहे. सगळीकडे खरी मानली तर या सरड्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

पंखेवाल्या सरड्यांच्या कुळात ‘ओटोक्रिप्टिस’ नावाचा एक भाऊबंद आहे. तो श्रीलंकेत आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला दमट जंगलाच्या जमिनीवर राहतो. ‘सिताना’ आणि ‘सराडा’ हे मात्र कोरड्या, उघड्या प्रदेशातले. दीपक आणि कारंथ यांनी २०१८ मध्ये या कुळाचा डीएनएवरून वंशवृक्ष मांडला. त्यातून असे दिसले की उघड्या प्रदेशातल्या जातींचा विस्तार उपखंड कोरडा होत गेला त्या काळाशी, मायोसीन युगाच्या उत्तरार्धाशी, जुळतो. हा कालखंड सुमारे एक कोटी सोळा लाख ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वीचा. उन्हाळी गवतांचा मोठा प्रसारही त्याच सुमारास झाला.

आता याच्या शेजारी माणसाचा काळ ठेवून पाहावा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची. महाराष्ट्रातली शेती त्याआधी थोडी मागे नेली तरी ती हजारांत मोजली जाते. सरड्यांचा इतिहास लाखांत आहे. कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधी उघडी जमीन होती, आणि ती इतकी विस्तीर्ण आणि टिकाऊ होती की तिच्यावर सरड्यांच्या अनेक जाती घडल्या.

यातून आज दिसणारा प्रत्येक माळ प्राचीन आहे असे ठरत नाही. कुठला माळ जंगलतोडीतून झाला आणि कुठला मुळातला, हे जागेवर जाऊन पाहावे लागते: कुठले गवत आहे, जांभ्यावर माती किती आहे, फक्त इथेच सापडणारे जीव कोणते. चाळकेवाडीसारख्या सड्यावर जांभ्याचा कठीण थर आहे, त्यावर मातीचा पातळ पापुद्रा, पावसाळ्यात वर पाणी साचते आणि उन्हाळ्यात सगळे कोरडे ठणठणीत. मोठे झाड तिथे मुळे कुठे रोवणार?

४. ‘पडीक’ हा शब्द महसुलाचा आहे

मग हा शब्द आला कुठून? तो निसर्गाकडे पाहून बनलेला नाही, साऱ्याकडे पाहून बनलेला आहे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी सुरू केली. तिचा उद्देश शेतसारा ठरवण्याचा होता, आणि त्या उद्देशासाठी ‘पिकेल’ आणि ‘पिकणार नाही’ ही विभागणी पुरेशी होती. सातबारा उताऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा शब्द आजही लागवडीला न येणारे क्षेत्रच सांगतो. तलाठ्याने तो लिहिला यात काही गैर नाही. शेती होत नाही एवढेच त्याला सांगायचे आहे.

घोटाळा पुढे होतो. ‘पीक येत नाही’ या वाक्याचे भाषांतर ‘उपयोग नाही’ असे झाले आणि मग ‘जीव नाही’ असे झाले. २००० पासून केंद्र सरकार ‘वेस्टलँड ॲटलस’ प्रसिद्ध करत आले आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून बनवलेल्या त्या नकाशात खडकाळ उघडी जमीन आणि झुडपी माळ ‘वेस्टलँड’च्या रकान्यात बसतात. उपग्रहाला सरडा दिसत नाही.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ मध्ये देशातल्या निमकोरड्या प्रदेशातल्या अशा उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा मांडला. त्यांचे क्षेत्र किमान तीन लाख चौरस किलोमीटर भरते, म्हणजे जवळपास महाराष्ट्राएवढे. त्यातले पाच टक्क्यांहूनही कमी क्षेत्र अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत येते. जंगलासाठी कायदा आहे, खाते आहे, पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे. माळासाठी मात्र ‘विकासाला उपलब्ध’ हा शेरा.

आणि माळ जेव्हा कारखान्यासाठी लागत नाही तेव्हा झाडांसाठी लागतो. महाराष्ट्रात २०१९ च्या मोहिमेत ३३ कोटी झाडांचे लक्ष्य होते. २०२३ पासून केंद्राची हरित-पत योजना ‘अवनत’ जमिनीवरच्या लागवडीला मोल देते. एवढ्या रोपांना जागा हवी, आणि कोणाच्याही शेतावर हात न टाकता मिळणारी जागा म्हणजे माळ. हेतू चांगला असतो. खड्डे घेणाऱ्या शाळकरी मुलांचा उत्साह खरा असतो. पण ज्या जमिनीत मादी सरडा अंडी पुरते तीच जमीन फोडली जाते, आणि रोपे जगलीच तर नराचा दगड सावलीत जातो.

५. पवनचक्कीखालचे सरडे

आता ज्या अभ्यासाने चाळकेवाडीचे नाव जगभर नेले त्याकडे वळू. पठाराच्या एका भागावर दीड-दोन दशके पवनचक्क्या फिरत होत्या, शेजारी तसाच सडा पवनचक्क्यांविना होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया थाकर, त्यांचे सहकारी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी दोन्हीकडचे पक्षी आणि सरडे मोजले. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये प्रसिद्ध झाले.

कापशी, तिसा आणि त्यांच्यासारखे शिकारी पक्षी पवनचक्क्यांविनाच्या भागात जवळपास चौपट आढळले. पात्यांखाली ते कमीच येत होते. त्याचा पहिला परिणाम सरळ होता: खाणारे कमी झाल्यावर सरडे वाढले. घाईने वाचणारा इथेच थांबेल आणि म्हणेल, सरड्यांचे भलेच झाले की.

संशोधक थांबले नाहीत. त्यांनी सरडे पकडून वजन, रक्त आणि रंग तपासले. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या अंगात बळ कमी होते, लांबीच्या मानाने ते रोडावलेले होते. जागा तेवढीच, नाकतोडे तेवढेच, तोंडे मात्र जास्त. संकटात वाढणारे कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक त्यांच्यात कमी होते, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. भीतीचे कारणच आभाळात विरळ झाले होते. आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके होते. ज्या पंख्यावरून मादी नराला जोखते, ज्याने ‘सुपर्बा’ हे नाव मिळवून दिले, तो पंखाच उतरला होता.

संशोधकांनी काढलेला अर्थ असा की पवनचक्की अन्नसाखळीच्या माथ्यावर नव्या भक्षकासारखी येऊन बसते. तिने कोणाला खाल्ले नाही तरी वरचा थर हटतो, आणि त्याचे धक्के खालपर्यंत जातात: पक्ष्यापासून सरड्यापर्यंत, सरड्याच्या वागण्यापासून त्याच्या रक्तापर्यंत. हा धक्का लागला कुठे? कागदावर ज्याला पडीक म्हणतात त्या जमिनीवर. रिकाम्या जागेला धक्का लागत नाही. धक्का लागायला तिथे आधी घडी बसलेली असावी लागते. ‘माळ रिकामा नाही’ याचा याहून काटेकोर पुरावा मागता येणार नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप विजेचा. कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा, मग बोटभर सरड्यासाठी पवनचक्क्या अडवायच्या का? कोळसा सोडायलाच हवा, याबद्दल वाद नाही. हवामान बदलले तर सडाही वाचणार नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आणि हिशेबाचा आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. धरण बांधताना निदान बुडणाऱ्या जंगलाची नोंद होते. पवनचक्की उभारताना माळाची नोंद करण्याची सक्ती नाही. ऊर्जा स्वच्छ आहे म्हणून तिची जागाही निर्दोष ठरते, हा तर्क चुकीचा आहे. आधीच मोडलेल्या जमिनी, औद्योगिक वसाहतींची छपरे, कालव्यांचे काठ, जुनी पाती बदलून त्याच जागी जास्त वीज, असे पर्याय तपासून मगच नवा सडा घ्यावा, एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप कार्बनचा: झाडे लावल्याने हवेतला कार्बन बांधला जातो, गवताने काय होते? गवताळ प्रदेशाचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर वरचे गवत जळते, खालचा साठा बराचसा राहतो. खड्डे घेऊन माती उलथली की त्या साठ्यालाच हात लागतो. शिवाय पातळ मातीच्या जांभ्यावर लावलेल्या रोपांपैकी किती पाच उन्हाळे काढतात, हे लावणाऱ्यांनी स्वतः जाऊन मोजावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो माणसांचा आहे. माळाशेजारची गावे गरीब आहेत. पवनचक्कीने भाडे दिले, रस्ता आणला. त्यांनी सरड्यासाठी गरीब राहावे का? हा प्रश्न शहरात बसून झटकता येत नाही. पण ‘पडीक’ या शब्दाने गावाचे काय झाले तेही पाहायला हवे. गायरान आणि माळ ही धनगरांची, गुराख्यांची, गवत कापून विकणाऱ्या बायांची जमीन आहे. मेंढरांची चराई बेताची असली तर ती माळ उघडा ठेवते, म्हणजे सरड्याच्या बाजूनेच काम करते. जमीन निरुपयोगी ठरली की या सगळ्यांचा वापरही निरुपयोगी ठरतो आणि त्यांना न विचारता ती देता येते. सरडा आणि मेंढपाळ एकाच शब्दाने हद्दपार होतात.

७. बदलायचे ते काय

मागणी मोठी नाही. महसुली नोंदीत ‘पोटखराबा’ राहू द्यावा, तो करापुरता. पण जमीन कोणाला द्यायची, कुठे झाडे लावायची हे ठरवताना तो शब्द पुरावा म्हणून चालू नये. सड्यांची आणि माळांची वेगळी नोंद व्हावी, तिथे कोण राहते ते लिहून. गावांच्या जैवविविधता नोंदवह्यांत हे काम आजही करता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ज्या सड्यावर मुळात झाड नव्हते तिथे रोपे लावणाऱ्या संस्थांनी तेच श्रम ओढ्याकाठी आणि तोडलेल्या डोंगरउतारावर न्यावेत. आणि चाळकेवाडीसारखी मोजणी पवनचक्क्या, सौरप्रकल्प उभे राहण्याआधी व्हावी, वीस वर्षांनी नव्हे.

वाचकासाठीही एक काम आहे. कासच्या फुलांसाठी सप्टेंबरात साताऱ्याला जाणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात जावे. सकाळी, ऊन तापायच्या आधी, सड्याच्या कडेला गाडी हळू चालवावी, कारण सरडे रस्त्यावरही येतात. दगड उलटू नयेत, पाठलाग करू नये. एका जागी अर्धा तास शांत बसावे आणि समोरच्या दगडांवर नजर ठेवावी.